६० सेन्सर, तीन वर्षांच्या फाईली आणि ८ जीबी रॅम: सरासरी कशी काढू?

हिंगणा_रोड

नमस्कार मंडळी, एमटेकचा प्रोजेक्ट करून राहिलो. विषय असा की नागपुरात उन्हाळ्यात कोणता भाग किती तापतो आणि रात्री कोणता भाग किती उशिरा थंड होतो. शहरात ६० ठिकाणी तापमानाचे डबे (सेन्सर) लावलेत, सीताबर्डी, महाल, इतवारी, धरमपेठ, जरीपटका, मानेवाडा, आणि अंबाझरी-गोरेवाड्याकडे पण आहेत म्हणजे झाडीचा भाग पण येतो. दर मिनिटाला एक रीडिंग. जून २०२२ ते मे २०२५, महिन्याची एक सीएसव्ही, अशा ३६ फाईली, एकेक दीडशे एमबीच्या आसपास. फाईलीत आधी एका सेन्सरचा पूर्ण महिना, मग दुसऱ्याचा, अशा ओळी आहेत. कॉलम सेन्सर आयडी, वेळ, तापमान, बॅटरीचा व्होल्टेज, सिग्नल, फर्मवेअर.

याशिवाय तीन टेबलं आहेत. एक आर्द्रतेचा, १२ ठिकाणचा, दर १० मिनिटांनी. एक रजिस्टर, कोणता डबा कुठं लागला, कधी लागला, कधी बदलला. आणि एक रोजच्या पावसाचा.

पाहिजे काय तं प्रत्येक भागाची दर तासाची सरासरी, आणि त्यावरून प्रत्येक महिन्याचा चोवीस तासांचा ग्राफ. मी पांडासमध्ये (पायथनची टेबलं हाताळायची लायब्ररी) सगळ्या फाईली वाचून एका लिस्टमध्ये टाकतो, मग कॉन्कॅट (सगळे टेबल एकाखाली एक जोडणं), मग रजिस्टरसोबत मर्ज (दोन टेबल जुळवणं), मग ग्रुपबाय (गट पाडून हिशोब). लॅपटॉप ८ जीबीचा आहे. कॉन्कॅटपर्यंतच जात नाही, कर्नल (कोड चालवणारा प्रोग्राम) मरतो, आणि त्याच्या आधी दहा मिनिटं माउस पण हलत नाही. रूममेट म्हणतो ३२ जीबीवाली मशीन घे, दुसरा म्हणतो क्लाउडवर टाक. दोन्हीला पैसे लागतात आणि गाइडला सांगायचं तं कारण पण लागते.

माझा प्रश्न असा की प्रत्येक फाईलची वेगळी सरासरी काढून ठेवली आणि शेवटी त्या सरासऱ्यांची सरासरी काढली तर चालते का? का काही दुसरा मार्ग आहे?

---

गणेशपेठ_०७१२

भाऊ मशीन घेऊ नको, आधी रॅम जाते कुठं ते पाहा.

६० सेन्सर, १०९६ दिवस, दिवसाचे १४४० मिनिटं, म्हणजे झाल्या साडेनऊ कोटी ओळी. आता वेळेचा कॉलम घे. तू पांडासला काही सांगितलं नाही तर जुन्या व्हर्जनमध्ये तो कॉलम ऑब्जेक्ट म्हणून येतो, म्हणजे प्रत्येक वेळ ही पायथनची एक वेगळी स्ट्रिंग. पायथन ३.१२ च्या आधीच्या व्हर्जनमध्ये साधी स्ट्रिंग ४९ बाइटपासून सुरू होते, तारीख-वेळेची १९ अक्षरं जोडली की ६८, आणि तिच्याकडं बोट दाखवणारा पॉइंटर ८ बाइटचा. झाले ७६. साडेनऊ कोटी गुणिले ७६ म्हणजे सव्वासात हजार एमबी, एकट्या वेळेच्या कॉलमला. तुझ्या फाईलीत एका सेन्सरचा महिना एकसलग आहे म्हणून जवळच्या ओळीत तीच वेळ परत येत नाही आणि तिथं काही बचत पण होत नाही. तोच कॉलम वाचतानाच डेटटाइम (आकड्यात साठवलेली वेळ) केला तर ८ बाइट, म्हणजे साडेसातशे एमबी. आणि कॉन्कॅट करतो तेव्हा लिस्टमधले सगळे तुकडे पण जिवंत असतात आणि नवीन जोडलेला टेबल पण बनत असतो, म्हणून त्या घडीला रॅम अजून जास्त लागते. तू तं त्याच्या आधीच, वाचतानाच मरतो.

तर पहिलं काम, वाचतानाच फक्त तीन कॉलम मागव, सेन्सर आयडी, वेळ, तापमान. बॅटरी, सिग्नल, फर्मवेअर या प्रश्नाला लागतच नाही. सेन्सर आयडी कॅटेगरी कर, ६० च नावं आहेत तर एका ओळीला १ बाइट पुरते.

दुसरं आणि मोठं काम, सगळं एकत्र आणूच नको. एक फाईल वाच, तिचा सेन्सर आणि तास यावर ग्रुपबाय करून फक्त दोन आकडे ठेव, बेरीज आणि रीडिंगची संख्या. फाईल सोडून दे, दुसरी घे. ६० सेन्सर आणि २६,३०४ तास म्हणजे पूर्ण तीन वर्षांचा निकाल पंधरा लाख अठ्ठ्याहत्तर हजार ओळींत बसतो, तो तं मोबाइलवर पण उघडेल.

आता तुझा मूळ प्रश्न. सरासऱ्यांची सरासरी, नाही चालत. एक तास दोन तुकड्यांत फाटला असं समज, दुपारी १ ते २ चे ५० मिनिटं पहिल्या तुकड्यात, सरासरी ४२.०, आणि उरलेले १० मिनिटं दुसऱ्यात, सरासरी ४३.२. खरी सरासरी २१०० अधिक ४३२ भागिले ६०, म्हणजे ४२.२. सरासऱ्यांची सरासरी काढशील तर ४२.६ येईल. दहा मिनिटांना पन्नास मिनिटांएवढा मान दिला म्हणून. बेरीज आणि संख्या जवळ ठेवली की तुकडे कसेही पाडा, शेवटी बेरजांची बेरीज, संख्यांची बेरीज, आणि एकदाच भागाकार.

एक लक्षात ठेव, दोन तुकड्यांचे निकाल पांडासमध्ये सरळ अधिक चिन्हानं जोडले तर जो तास एकातच आहे तो रिकामा होऊन जातो. ॲड फंक्शन वापर आणि फिल व्हॅल्यू शून्य दे, नाहीतर सगळे छोटे निकाल लिस्टमध्ये ठेवून शेवटी एकदा ग्रुपबाय-सम कर. ही लिस्ट छोटीच राहते, तिला घाबरायचं काम नाही. मोबाइलवरून टाइप करून राहिलो म्हणून कोड देत नाही, पण पंधरा ओळींच्या वर जाणार नाही.

---

वर्धा_रोड_एसक्यूएल

वरचं सगळं बरोबर आहे पण हाताने करायची गरज काय आहे? डकडीबी टाका, लॅपटॉपवरच चालणारा एसक्यूएलचा डेटाबेस आहे. इन्स्टॉल एका मिनिटात होतं, सर्व्हर वगैरे काही लागत नाही, आणि त्याला फोल्डरचा पत्ता देऊन सगळ्या सीएसव्ही एक टेबल म्हणून वाचता येतात. तो फाईली तुकड्यातुकड्यानेच वाचतो आणि ॲव्हरेज काढताना आतमध्ये बेरीज आणि संख्याच ठेवतो, म्हणजे गणेशपेठवाल्या भाऊंनी सांगितलं तेच, फक्त तुम्हाला दिसत नाही.

दोन सेटिंग करा. मेमरी लिमिट ४ जीबी द्या, कारण न सांगता तो रॅमच्या ८० टक्क्यांपर्यंत जातो आणि ८ जीबीच्या लॅपटॉपवर ब्राउझर उघडा असला की तेवढी मोकळी नसतेच. आणि टेम्पररी डिरेक्टरी एसएसडीवर द्या, रॅम कमी पडली की तिथं ओततो आणि काम चालू ठेवतो. मधल्या महिन्यात फर्मवेअर बदलून कॉलमचा क्रम मागेपुढे झाला असेल तर कॉलम नावाने जुळवायचा ऑप्शन चालू करा, नाहीतर व्होल्टेज तापमानाच्या जागी येऊन बसेल.

आणि सीएसव्ही परत परत वाचू नका. एकदाच वाचून पार्के (फाईलीचा दुसरा फॉरमॅट) करून टाका. पार्केमध्ये कॉलम वेगवेगळे साठवलेले असतात, म्हणून तापमान मागितलं तर फक्त तापमानच डिस्कवरून येतं, आणि साडेपाच जीबीचं वजन पण बरंच उतरेल कारण सेन्सर आयडीसारखे परत परत येणारे शब्द तो कोडमध्ये साठवतो.

एसक्यूएलमध्ये ॲव्हरेज रिकाम्या जागा आपोआप सोडतो पण तुम्ही स्वतः बेरीज आणि काउंट घेणार असाल तर काउंट तापमानाच्या कॉलमचा घ्या, काउंट स्टार घेतला तर रिकाम्या ओळी पण मोजल्या जातात आणि सरासरी खाली येते. कुठलाही एरर येत नाही, आकडा फक्त चुकीचा असतो.

---

धंतोली_ताई

दोघांनीही छान सांगितलंय. मी गेली बरीच वर्षं असल्याच डेटावर काम करते, म्हणून रॅमच्या आधीचं थोडं बोलते, कारण रॅमचा प्रश्न सुटेल पण ग्राफ चुकीचा येईल.

सेन्सर कोणता आहे? डीएस१८बी२० असेल, आणि विद्यार्थ्यांच्या डब्यात बहुतेक तोच असतो, तर पॉवर आल्यावर सेन्सरच्या स्वतःच्या मेमरीत ८५ अंश बसलेला असतो. मोजमाप पूर्ण व्हायच्या आत वाचला की ८५ च मिळतो. आणि आर्डुइनोची नेहमीची लायब्ररी, वायर सुटली की उणे १२७ देते. आता बघ, एका तासात ५९ रीडिंग ४३ ची आणि एक ८५ चं, सरासरी ४३.७. पाऊण अंशाच्या जवळ चढली, आणि तुझा सगळा अभ्यासच भागाभागातल्या एक-दोन अंशांच्या फरकावर उभा आहे. वीज जास्त वेळा जाणाऱ्या भागात डबा जास्त वेळा रिस्टार्ट होतो, म्हणजे तो भाग तुला जास्त तापलेला दिसेल. म्हणून हे आकडे बेरजेत शिरायच्या आधी काढायचे, बेरीज झाल्यावर ते ओळखू येत नाहीत.

हद्द कुठं ठेवायची? नागपूरचा वेधशाळेतला उच्चांक २३ मे २०१३ चा ४७.९ आहे आणि नीचांक २९ डिसेंबर २०१८ चा ३.५. तुझे डबे रस्त्याकडेला, भिंतीजवळ आहेत, तिथं वेधशाळेपेक्षा जास्त येऊ शकतं, म्हणून ० ते ५५ ठेव. जे बाहेर गेलं ते फेकू नको, वेगळ्या फाईलीत सेन्सरनुसार मोजून ठेव. २०२४ च्या मे अखेरीस इथल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश दिसला होता, देशभर बातमी झाली आणि मग हवामान खात्याने तो सेन्सरचा दोष असल्याचं सांगितलं. तेव्हा ऐन नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) चालू होता आणि लोकांना आकडा पटत पण होता, म्हणूनच हद्द डेटा बघायच्या आधी ठरवायची.

दुसरं, वेळ. डब्यांची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळ) आहे की आपली? यूटीसीत असेल तर तासाचा ग्रुप करायच्या आधी साडेपाच तास मिळव. लोक आधी यूटीसीच्या तासावर ग्रुप करतात आणि मग निकालाला साडेपाच तास जोडतात, आणि तो अर्धा तास तिथं नडतो. त्यांचा दुपारी दोनचा तास हा खरं तर दीड ते अडीचचा असतो. एकदा बेरीज झाली की तो तास परत फोडता येत नाही.

पावसाचा टेबल हवामान खात्याचा असेल तर त्यांचा पाऊस सकाळी साडेआठ ते साडेआठ असा मोजतात. १२ जुलैच्या नोंदीतला पाऊस ११ च्या सकाळी साडेआठपासूनचा असतो. मध्यरात्र ते मध्यरात्र काढलेल्या तापमानाला तो तारखेवर जोडलास तर आदल्या दिवशीच्या संध्याकाळची सर दुसऱ्या दिवसाच्या नावावर लागेल.

आणि मर्ज. रजिस्टर साडेनऊ कोटी ओळींना जोडायचं नाहीच. आधी तासापर्यंत आण, मग जोड. रजिस्टरमध्ये डबा बदललेला असेल तर एकाच जागेच्या दोन ओळी असतील, पहिला डबा अमुक तारखेपर्यंत, दुसरा त्यानंतर. नुसत्या जागेच्या नावावर मर्ज केलं की त्या जागेची प्रत्येक ओळ दोनदा येते. रॅम तर जातेच, आणि त्या जागेला दुप्पट वजन मिळतं ते कोणाच्या लक्षात पण येत नाही. मर्जमध्ये व्हॅलिडेट म्हणून एक पर्याय आहे, त्याला अनेकाला-एक असं सांग, रजिस्टरमध्ये जोडी सापडली की तो तिथंच थांबवेल.

---

हिंगणा_रोड

ताई, भाऊ, खूप खूप धन्यवाद. सेन्सर डीएस१८बी२० च आहेत आणि हो, ८५ वाले रीडिंग आहेत, आता मोजले तर सगळ्यात जास्त जरीपटक्याच्या दोन डब्यांत निघाले. वेळ यूटीसीतच आहे.

एक अडचण अजून आहे. नेटवर्क गेलं की डबा रीडिंग साठवून ठेवतो आणि नंतर पाठवतो, आणि कधी कधी तेच रीडिंग दोनदा पाठवतो. दुसरी कॉपी पुढच्या महिन्याच्या फाईलीत पण सापडते. आता मी एकेक फाईल घेऊन बेरीज केली तं ही डुप्लिकेट पकडू कशी? सगळं सोबत असल्याशिवाय कळणार कसं की हे आधी मोजलं होतं?

आणि गाइडनं मीडियन (आकडे क्रमानं लावल्यावर मधला येतो तो) पण मागितलाय.

---

फुटाळा_काठ

हे वाचून मला राहवलं नाही म्हणून लिहितो. वरचे सगळे उपाय चांगले आहेत पण तुझ्या डेटाची एक गोष्ट अशी आहे की ती वापरली तर डुप्लिकेटचा आणि मीडियनचा, दोन्ही प्रश्न राहतच नाहीत.

तुझं रीडिंग दर मिनिटाला आहे. ठरलेलं. सेन्सर ६०, ठरलेले. मग प्रत्येक ओळीसोबत वेळ आणि सेन्सरचं नाव सांभाळायचंच कशाला? नमपायमध्ये (पायथनची आकड्यांच्या तक्त्यांची लायब्ररी) एक मोठा तक्ता बनव, ६० ओळी आणि १५,७८,२४० कॉलम, १ जून २०२२ च्या मध्यरात्रीपासून (आपल्या वेळेनं) ३१ मे २०२५ पर्यंतचं एकेक मिनिट म्हणजे एकेक कॉलम. घर कोणतं यावरूनच सेन्सर कोणता आणि मिनिट कोणतं ते कळतं. घरात फक्त तापमान. आणि तापमान पण दशांशात नाही, दहानं गुणून गोल केलेला पूर्णांक, ४२.३ म्हणजे ४२३. हा सेन्सर अर्ध्या अंशाच्या अचूकतेचा आहे, दहाव्या भागाच्या पुढं जपण्यासारखं काही नाही. असा पूर्णांक २ बाइटमध्ये बसतो. रिकाम्या घरात उणे ३२,७६८ टाकून ठेव, तो तापमान असूच शकत नाही.

आता हिशोब कर. ६० गुणिले १५,७८,२४० गुणिले २ बाइट, झाले १८९ एमबी. तीन वर्षांचा पूर्ण मिनिटाचा डेटा. तुझ्या ८ जीबीच्या लॅपटॉपमध्ये ब्राउझर, गाणी सगळं चालू असताना मावते.

भरायचं कसं, फाईल पाच-पाच लाख ओळींच्या चंकमध्ये (तुकड्यांत) वाच, ताईंनी सांगितलेली हद्द लाव, वेळेत साडेपाच तास मिळव, वेळेतून सुरुवातीची वेळ वजा करून मिनिटाचा नंबर काढ, आणि त्या घरात टाक. जून २०२२ च्या आधीचा किंवा मे २०२५ च्या नंतरचा नंबर आला तर तो चंकमधूनच गाळ, कारण उणे नंबर नमपाय मागून मोजतो आणि गुपचूप तक्त्याच्या शेवटी लिहून टाकतो. डुप्लिकेट आलं तर ते त्याच घरात परत बसेल, दोनदा मोजलं जायचा प्रश्नच येत नाही, मग ती कॉपी त्याच फाईलीत असो नाहीतर पुढच्या महिन्याच्या. टाकायच्या आधी घर रिकामं आहे का पाहिलं आणि भरलेलं असून आकडा वेगळा निघाला तर तेवढी ओळ लॉगमध्ये लिही, कारण तिथं डब्याचं घड्याळ भरकटलेलं असू शकते आणि ते कळलं पाहिजे.

पूर्णांकाचा अजून एक फायदा आहे जो फार कमी लोक सांगतात. रॅम वाचवायला लोक ३२ बिटचा फ्लोट (दशांश संख्या) घेतात आणि बेरीज पण त्यातच करतात. त्यात नेमके अंक २४ बिटचेच असतात. एकामागून एक ३० अंशाचे आकडे मिळवत गेलास आणि बेरीज सुमारे ५३ कोटी ६८ लाखांवर गेली की त्या आकाराच्या दोन शेजारच्या संख्यांमधलं अंतर ६४ होतं, ३० त्याच्या अर्ध्यापेक्षा कमी, म्हणून तो मिळवला तरी बेरीज जागची हलत नाही. हे एक कोटी सत्तर लाख ओळींच्या आसपासच होते, आणि तुझ्याकडं साडेनऊ कोटी आहेत. नमपाय सलग बेरीज जोड्या-जोड्यांनी करतो म्हणून तिथं एवढं वाईट होत नाही, पण आपण लूपमध्ये चंकची बेरीज चढवत जातो तेव्हा ती जबाबदारी आपली. साठवायला छोटा आकार घे, बेरीज ६४ बिटमध्येच कर. ६४ बिटच्या पूर्णांकात तर बेरीज शेवटच्या अंकापर्यंत बरोबर येते, फाईली कोणत्याही क्रमानं वाच. वर्गांची बेरीज पण त्यात आरामात बसते, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन पण नेमकं निघते.

तपासायला सोपं आहे. चंक पाच लाखांचा ठेवून एकदा चालव, मग तीन लाख सतरा हजारांसारखा काहीतरी आडवातिडवा ठेवून परत चालव. दोन्ही तक्ते एकूण एक घर सारखे आले पाहिजेत. जिथं फरक येईल तिथं दोन वेगळ्या आकड्यांची डुप्लिकेट नाहीतर चंकच्या सीमेवरची गडबड आहे.

आणि मीडियन, एका भागाचे डबे आणि एका महिन्याचा दुपारी दोनचा तास, एवढीच घरं उचल, रिकामी सोड, मीडियन काढ, पुढच्या तासाकडे जा. एका वेळी काही हजार आकडे फक्त.

---

वर्धा_रोड_एसक्यूएल

फुटाळा भाऊ, हे मस्तच आहे, मानलं. मीडियन डकडीबीमध्ये पण आहे पण त्याला ग्रुपमधल्या व्हॅल्यू धरून ठेवाव्या लागतात, बेरीज-संख्येसारखं दोन आकड्यांत होत नाही, त्यामुळं तिथं रॅम लागते हे खरं आहे. फक्त एवढंच म्हणेन की पार्के तरीही करून ठेवा. उद्या गाइडनं बॅटरीचा व्होल्टेज आणि चुकीच्या रीडिंगचा संबंध विचारला तर तक्त्यात व्होल्टेज नाहीये.

---

धंतोली_ताई

तक्त्याची कल्पना फार आवडली. आता त्याच तक्त्यावरून भागाची सरासरी काढताना एक निर्णय तुला घ्यावा लागेल, तो कुठलंही टूल घेत नाही.

समज एकाच भागात दोन डबे आहेत. एक चौकात, त्या तासाला ६० पैकी ६० रीडिंग, सरासरी ४४. दुसरा बागेत, सिग्नल गेल्यामुळे फक्त २० रीडिंग, सरासरी ४०. सगळी घरं एकत्र घेऊन बेरीज भागिले संख्या केली तर २६४० अधिक ८०० भागिले ८०, म्हणजे ४३. आधी प्रत्येक डब्याची तासाची सरासरी आणि मग दोघांची सरासरी, तर ४२. वर गणेशपेठच्या दादांनी सरासऱ्यांची सरासरी नको म्हटलं ते तुकड्यांबद्दल अगदी बरोबर आहे, कारण तुकडा कुठं पडला याला अर्थ नसतो. पण डबा म्हणजे एक जागा आहे, तिला अर्थ आहे. सिग्नल गेला म्हणून बागेचा वाटा कमी व्हायला नको. तेव्हा इथं सरासऱ्यांची सरासरीच हवी, डब्याच्या पातळीवर.

असंच दिवसांचं. मे महिन्याच्या दुपारी दोनची सरासरी काढताना आधी प्रत्येक दिवसाचा दोनचा तास, मग एकतीस दिवसांची सरासरी. आणि कमीत कमी किती रीडिंग असली की तो तास धरायचा हे लिहून ठेव. मी ४५ धरते, तू ४० धर, पण सगळ्या भागांना एकच नियम. या नियमानं बागेचा तो २० रीडिंगवाला तास गळेल आणि त्या तासाला भागात चौकच उरेल, म्हणजे ४४. हे पण तुला दिसलं पाहिजे, म्हणून भागाच्या प्रत्येक तासासमोर किती डबे धरले ती संख्या पण ठेव. डबे नेहमी कडक दुपारीच बंद पडत असतील तर जे उरतं ते थंड दिवसांचं उरतं आणि तुझा मे महिना आहे त्यापेक्षा गार दिसेल. म्हणून रिकाम्या घरांचा पण चोवीस तासांचा ग्राफ काढ, तापमानाच्या ग्राफशेजारी ठेव. गाइडना आधी तोच दाखव.

आर्द्रता १० मिनिटांची आहे ती मिनिटावर ताणू नको. तिचा वेगळा छोटा तक्ता कर, ती पण तासावर आण आणि तासावर जोड.

---

हिंगणा_रोड

तक्ता भरला. लॅपटॉप अडकला नाही, टास्क मॅनेजरमध्ये पायथन एक जीबीच्या आतच राहिला. दोन चंकसाइझनं चालवून पाहिलं, काही घरं वेगळी आली, ती सगळी एकाच डब्याची, मानेवाड्याचा, त्याचं घड्याळ मागं पडलं होतं. तो डबा त्या काळापुरता बाहेर काढला. बाकी सगळं तंतोतंत.

ताई तुम्ही म्हणाल्या तसा रिकाम्या घरांचा ग्राफ काढला. एप्रिल-मेमध्ये दुपारी १ ते ४ मध्ये खरंच जास्त घरं रिकामी आहेत, आणि ती उघड्या छतावरच्या डब्यांची. आता सावलीतले आणि उघड्यावरचे वेगळे करून करतो. सगळ्यांचे मनापासून आभार.

---

कामठी_लाइन

मध्येच घुसतो, माफ करा. माझा डेटा बसच्या जीपीएसचा आहे, वेग. कधी ५ सेकंदांनी येतो कधी ४० सेकंदांनी, गाड्या बदलत राहतात, ओळी तुमच्यापेक्षा किती तरी जास्त. तक्त्याची युक्ती लागू होत नाही. सरासरी बेरीज-संख्येनं जमते, पण रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याचा तासावार मीडियन वेग पाहिजे. काही मार्ग?

---

फुटाळा_काठ

आहे. वेग पूर्ण किलोमीटरमध्ये पुरतो ना? मग ० ते १२० असे १२१ खाने. प्रत्येक रस्त्याचा तुकडा आणि प्रत्येक तास यांचे स्वतःचे १२१ खाने, आणि ओळ आली की तिच्या वेगाच्या खान्यात एक मिळव. ओळ विसरून जा. दोन फाईलींचे खाने सरळ बेरजेनं जोडता येतात, जे मीडियनला कधीच करता येत नाही. शेवटी खालून मोजत जा, अर्धी संख्या जिथं पार होते तो मीडियन. पूर्ण किलोमीटरच्या हिशोबानं तो नेमका असतो, अंदाज नाही. ५०० तुकडे आणि २४ तास धरले तरी ८ बाइटच्या संख्येनं १२ एमबीच्या आतच होते, ओळी शंभर कोटी असल्या तरी तेवढेच. त्यातूनच ८५ वा पर्सेंटाइल (ज्याच्या खाली ८५ टक्के नोंदी येतात तो वेग) पण काढ, वाहतूकवाले तोच मागतात.

फक्त तुझी रीडिंग ५ आणि ४० सेकंदांनी येतात म्हणून प्रत्येक ओळीला एक मिळवू नको, मागच्या रीडिंगपासून किती सेकंद झाले तेवढे मिळव, आणि एका मिनिटाच्या वर खंड पडला असेल तर ती ओळ सोड. नाहीतर जी गाडी जास्त वेळा सांगते तिचाच वेग रस्त्याचा म्हणून येईल. आणि स्टॉपवर उभी असतानाचे शून्य ठेवायचे की काढायचे ते आधी ठरव, दोन्ही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.